पहिलं पाणी फळाचं, तिसरं पाणी पानाचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. बंगळुरूला नोकरी करणारा तुमचा मुलगा सुट्टीला येताना पीच आणि पॅशन फ्रूटच्या चवीचं यर्बा मातेचं, म्हणजे दक्षिण अमेरिकेत चहासारखा पितात त्या पाल्याचं, पाकीट घेऊन आला. तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी तो नेहमीच्या चहासारखा केला. पाण्यात साखर, दोन चमचे माते, खळखळून उकळी आणि मग दूध. दूध फाटलं, रंग मातकट आला, चव काढ्यासारखी कडू लागली आणि मागून विडीसारखा वास आला. पाकिटात काड्याही निघाल्या. पाकीट जुनं आहे, भेसळीचं आहे की हा प्रकारच असा, हे तुम्हाला हवंय. सासूबाईंना रक्तदाब आहे आणि धाकटी दहावीला आहे, त्यांना द्यावा का, असंही विचारलंत.

मी शाहूपुरीत तीस वर्षं चहा चाखतो, मिसळतो आणि विकतो. आसामचा दाणा, निलगिरीची पत्ती, हॉटेलवाल्यांची डस्ट, यातच आयुष्य गेलं. माते माझ्या हातात उशिरा आला, पण आल्यापासून मी त्याला चहाइतकाच वेळ दिलाय. तुमचं पाकीट बहुतेक चांगलं आहे, करायची पद्धत तेवढी चुकली. आणि ती तुमची एकटीची चूक नाही, आपल्याकडे दहातले नऊ जण पहिल्यांदा असंच करतात. चहा म्हणून विकलं की माणूस चहासारखंच उकळणार.

माते हा चहाच नव्हे. आपला चहा ज्या झुडपाचा, त्याच्याशी या झाडाचं नातं नाही. दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे, ब्राझीलचा दक्षिण भाग आणि अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा, मुख्यतः याच पट्ट्यात हे सदाहरित झाड मूळचं वाढतं. तिथले ग्वारानी लोक युरोपियन यायच्या आधीपासून त्याचं पान वापरत आले, ते त्याला 'काआ' म्हणतात. 'यर्बा' हा स्पॅनिश शब्द, अर्थ वनस्पती किंवा औषधी पाला. 'माते' हा मूळचा केचुआ भाषेतला, ज्या भोपळ्याच्या पात्रात पितात त्याचं नाव. म्हणजे भांड्याचं नाव पेयाला चिकटलं. जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकापासून त्याच्या बागा लावल्या. बी सहज उगवत नाही, ते उगवून घ्यायची युक्ती त्यांना साधली होती. 1767 मध्ये स्पेनच्या राजानं त्यांना हाकललं आणि ती विद्याही मागे पडली. पुढं कितीतरी वर्षं लोक पुन्हा जंगलातलीच झाडं तोडत राहिले. वनस्पतिशास्त्रात या झाडाला आजचं नाव 1822 मध्ये ओग्युस्त द सेंट-हिलेर या फ्रेंच अभ्यासकानं दिलं.

हे सांगायचं कारण असं, की पानावर काय संस्कार होतात ते कळलं की तुमच्या पाकिटातला प्रत्येक 'दोष' उलगडतो.

पानं फांद्यांसकट तोडतात आणि लवकरात लवकर, साधारण चोवीस तासांच्या आत, उघड्या जाळावरून काही सेकंद फिरवतात. त्यामुळं पान काळं पडत नाही, हिरवं राहतं. आपल्या काळ्या चहात नेमकं उलट असतं, तिथं पान चुरडून मुद्दाम काळं होऊ देतात. जाळानंतर माते वाळवतात, भरड कुटतात आणि अर्जेंटिनात पोत्यांत भरून मुरवत ठेवतात, बहुतेकदा नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. लोणचं मुरतं तसं पान मुरतं, त्याचा कोवळा कडवटपणा उतरतो, रंग पिवळसर होतो. ब्राझीलमध्ये मात्र मुरवत नाहीत. तिथं ताजा, पोपटी, पिठासारखा बारीक माते आवडतो. वाळवताना लाकडाचा धूर लागला तर पान तो धरून ठेवतं. तुम्हाला आलेला विडीचा वास हाच. तो खराबीचा नाही, वाळवणीचा आहे. ज्यांना तो नको, त्यांनी गरम हवेवर वाळवलेला, धूर न लागलेला माते शोधावा. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. धुरातून काही नकोशी द्रव्यंही पानात उतरतात, म्हणून रोज पिणाऱ्याला मी बिनधुराचाच माते सुचवतो.

काड्यांचंही तेच. आपल्याकडे पत्तीत काडी दिसली की गिऱ्हाईक पुडी परत आणून टाकतं, आणि योग्यच करतं. मातेत काडी हवी असते. पानापेक्षा ती सौम्य असते, कडूपणा आवरते आणि पाणी वाहतं ठेवते. बिनकाडीचा मातेही मिळतो, तो जास्त कडक असतो. नवख्या माणसानं काडीचाच घ्यावा.

आता दूध का फाटलं. पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा आपल्याकडचा नियम आहे, सर्वांत जास्त असलेला घटक आधी. फळांच्या चवीच्या मिश्रणांत बहुतेक वेळा हिबिस्कस असतं, म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडाच्या पाकळ्या. सोबत सफरचंदाचे वाळलेले तुकडे आणि कधी सायट्रिक आम्लही असतं. अंबाडीची भाजी केलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. त्या आंबट पाण्यात गरम दूध ओतल्यावर ते फाटणारच. यात मातेचा दोष नाही. नुसत्या मातेत दूध खुशाल चालतं. अर्जेंटिनात पानाचं पाणी गाळून, दूध-साखर घालून न्याहारीला घेतात, मुलंसुद्धा. पण फळाचं मिश्रण असेल तर दूध विसरा.

घटकांची ती यादी वाचताना आणखी एक पाहायचं. पहिलं नाव मातेचं असेल तर तुमच्या हातात माते आहे, त्याला फळाची जोड दिलीय. सफरचंद पहिलं, हिबिस्कस दुसरं आणि माते तिसरं किंवा चौथं असेल तर तो वाळलेल्या फळांचा काढा, त्यात थोडा माते टाकलेला. तोही वाईट नाही, पण किंमत मात्र मातेची लावलेली असते.

आणि फळाची चव येते कुठून, हेही समजून घ्या, कारण नवीन चव विकत घ्यायची का नाही हे त्यावर ठरतं. वाळलेल्या फळाचा तुकडा पाण्यात रंग देतो, आंबट-गोड देतो, पण वास फार थोडा देतो. पीचचा वाळलेला तुकडा तोंडात टाकून बघा, पाकीट उघडल्यावर जो घमघमाट येतो तो त्यात सापडणार नाही. तो घमघमाट पानावर फवारलेल्या अर्काचा असतो. याला फसवणूक म्हणता येत नाही, चहाच्या धंद्यात हे जुनं आहे. अर्ल ग्रे म्हणून जो चहा विकतात त्यात बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं. याला अपवाद संत्र्याच्या, लिंबाच्या सालीचा. सालीत स्वतःचं तेल असतं, ते वाळल्यावरही बऱ्यापैकी टिकतं. म्हणून पहिल्यांदा फळाचा माते घेणाऱ्याला मी संत्रं, लिंबू किंवा ग्रेपफ्रूट सुचवतो. अर्जेंटिनातही सालीचा माते घराघरात चालतो. कडू पान आणि साल यांचं जमतं, कारण सालही थोडी कडूच. पीच, स्ट्रॉबेरी, आंबा या गोड वासाच्या फळांचं तसं होत नाही. नाकाला वाटतं गोड येणार, जिभेवर येतो कडू, आणि माणूस बिचकतो. तुमचंही थोडं तसंच झालं असावं. पॅशन फ्रूट मात्र यातून सुटतं, ते मुळातच आंबट आणि उग्र आहे.

फवारलेल्या अर्काचा खरा धोका वेगळा आहे, आणि माझं मुख्य सांगणं तेच. अर्क जुनं पान झाकतो. काही वर्षांपूर्वी एका आयातदाराकडून मी आंब्याच्या चवीच्या मातेची दोन पोती घेतली होती. पोतं उघडलं तेव्हा दुकानात हापूसची पेटी फोडल्यासारखा वास सुटला. मी भुललो. एकच कप करून चाखला, आवडला, पैसे दिले. आठवड्यानं एक गिऱ्हाईक म्हणालं, "आण्णा, पयला कप झ्याक हाय, पर दुसऱ्या पाण्याला नुसतं गवत लागतंय की." मी बसून त्याच पानावर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतून पाच पाणी काढली. दुसऱ्यालाच आंबा गेला, तिसऱ्याला तळाशी वाळक्या गवताची, पुठ्ठ्यासारखी चव उरली. पान केव्हाच मेलं होतं. काळ्या चहाचं मी असं कधीच केलं नसतं. तिथं दहा कप मांडल्याशिवाय मी सौदा करत नाही. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: फळाच्या मातेची परीक्षा तिसऱ्या पाण्यावर करायची. पहिलं पाणी फळाचं असतं, ते कुणाचंही छान लागतं. तिसऱ्या पाण्याला फळ निघून जातं आणि पान उघडं पडतं. तिथं हिरवट, जरा मातीचा, जिभेच्या कडेला धरणारा आणि मागून किंचित गोड होणारा कडूपणा मिळाला, तर पाकीट चांगलं. पुठ्ठा लागला, तर वास कितीही सुंदर असो, पुन्हा घेऊ नका.

आता करायचं कसं ते सांगतो. यात सगळं पाण्याच्या गरमपणावर आहे. काळ्या चहाची चाखणी आम्ही खळखळत्या पाण्यावर करतो. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं, असं त्याचं आंतरराष्ट्रीय माप आहे. मातेला ते माप लावलं की संपलं. उकळतं पाणी पानातला सगळा कडूपणा एका दमात बाहेर काढतं, पुढच्या पाण्याला काही शिल्लक राहत नाही. मातेला सत्तर ते ऐंशी अंशांचं पाणी लागतं. घरात तापमापक नसतो हे मला माहीत आहे, म्हणून गणित सोपं करून देतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथं पाणी शंभरला न उकळता साधारण अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. दोन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी हंड्यातलं साधं पाणी एकत्र केलं की चौऱ्याहत्तरच्या आसपास येतं. एवढंच करा. थंडीत भांडं आधी गरम पाण्यानं खंगाळून घ्या.

दीड चमचा माते, म्हणजे साधारण तीन ग्रॅम, स्टीलच्या फुलपात्रात किंवा काचेच्या ग्लासात घाला. आधी त्यावर दोन चमचे गार पाणी शिंपडून मिनिटभर थांबा. ही पायरी गाळू नका. पान गार पाण्यानं फुगलं की गरम पाण्याचा चटका त्याला बसत नाही आणि चव हळूहळू सुटते. आमटीत मसाला थेट टाकण्याआधी आपण पाण्यात कालवून घेतो, तसंच हे. मग दीड वाटी गरम पाणी ओता, तीन मिनिटं झाका, गाळा. पान टाकून देऊ नका. त्याच पानावर पुन्हा पाणी, यावेळी चार मिनिटं. पुन्हा एकदा, पाच मिनिटं. तिन्ही कप समोर ठेवून एकापाठोपाठ प्या, साखर न घालता. वर फेस दिसला तर घाबरू नका. पानात सॅपोनिन असतात, रिठ्याला फेस आणणारी द्रव्यं त्याच जातीची. चांगल्या मातेला फेस येतोच.

साखर नंतर. खरं सांगू, साखरेपेक्षा मातेला आपला गूळ जास्त मानवतो, कारण गुळाला स्वतःचं थोडं खारट, करपट अंग असतं आणि ते पानाच्या धुरकट चवीला धरून राहतं. गूळ गाळलेल्या पाण्यात, गॅस बंद करून घाला. काकवी असेल तर अर्धा चमचा पुरे. पॅराग्वेत एक प्रकार करतात, तो ऐकल्यावर मला आपलं गुऱ्हाळच आठवलं. पान आणि साखर एकत्र करून त्यावर पेटलेले निखारे फिरवतात, साखर करपून तिचा खरपूस वास पानाला लागला की वर पाणी ओततात, गाळतात आणि दूध घालून पितात. आमच्या घरी मी तो निखाऱ्याऐवजी लोखंडी कढईत करतो. एक चमचा किसलेला गूळ मंद आचेवर वितळून काळपट होऊ द्यायचा, धूर यायच्या आत त्यात दीड चमचा माते परतायचा, लगेच पाणी, एक उकळी, गाळून दूध. इथं उकळी चालते, कारण करपलेल्या गुळापुढं पानाचा कडूपणा नमतो. पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं उतरलेलं असताना हा प्यावा. पण तो साध्या मातेचा करायचा. तुमच्या पीचच्या पाकिटाचा केलात तर दूध पुन्हा फाटेल.

तुमच्या पाकिटाला खरा न्याय मिळेल तो गार. पॅराग्वेत उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यातला माते पितात, त्याला तेरेरे म्हणतात. त्यात कुटलेला औषधी पाला घालतात, आणि ही सगळी परंपरा युनेस्कोनं 2020 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पाण्याऐवजी फळांचा रस घालूनही तिथं पितात, म्हणजे फळ आणि माते ही जोडी जाहिरातवाल्यांनी काढलेली नाही. रिओच्या किनाऱ्यावर भाजलेल्या मातेचं गार पाणी लिंबू घालून विकतात, आपल्या रंकाळ्यावर भेळ विकतात तितक्या सहज. तुम्ही असं करा: रात्री चार चमचे माते लिटरभर गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. गार पाण्यात कडूपणा कमी उतरतो आणि फळाचा वास जास्त टिकतो, कारण तो वाफेबरोबर उडून जात नाही. मुलगा मित्रांबरोबर पिणार असेल तर हाच प्रकार त्याला सांगा.

आपल्याकडची कुठली फळं चालतील, हे मी पुष्कळ करून पाहिलंय, आणि इथं माझी मतं ठाम आहेत. कैरी सर्वांत उत्तम. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यात निम्मं पाणी गार मातेचं घाला. कैरीचा आंबटपणा आणि वेलचीचा वास कडूपणाला असा उचलतो, की एप्रिलमध्ये मी दुकानातल्या पोरांना दुपारी तेच देतो. कोकम जपून. आगळाचा एक चमचा लिटरला पुरे, जास्त झाला की तोंड आवळून येतं, कारण दोन तुरट चवी एकमेकींवर चढतात. जांभळाचंही तसंच, तुरटावर तुरट. राधानगरीकडची जांभळं मला जिवापाड आवडतात, पण ती नुसतीच खावीत. अननस चांगला, पेरूचा वास मातेत बुडून जातो. पिकलेल्या आंब्याचा रस घालू नका, तो खाली बसतो आणि वर पाणचट राहतं. फळ नसेल तर पातीचा चहा, म्हणजे गवती चहा, दोन पाती चुरगाळून टाका. लिंबाचा वास देणारी इतकी स्वस्त वस्तू परसात असताना लिंबाच्या चवीचं महागडं पाकीट आणायची गरज मला दिसत नाही.

भांड्याबद्दल तुमच्या मुलानं काही सांगितलं असेल. मूळ पात्र म्हणजे वाळवून पोखरलेला भोपळा, आणि तो भोपळा आपल्या दुधीच्याच जातीचा. पिण्याची नळी धातूची असते, खालच्या टोकाला जाळी, तिला बोंबिया म्हणतात. पात्र अर्ध्याहून जास्त पानानं भरतात, पान एका बाजूला उतरतं करतात, नळी खोचली की पुन्हा हलवत नाहीत, हलवली की बारीक चुरा जाळीत अडकतो. दोन सूचना मात्र मनावर घ्या. एक, फळाच्या चवीचा माते भोपळ्याच्या पात्रात कधी करू नका. भोपळा वास पितो, पुढं महिनाभर साध्या मातेलाही पीच लागत राहील. काच किंवा स्टील बरं. दुसरी सूचना कळकळीची. परसातला दुधी वेलावर वाळलाय म्हणून त्याचं पात्र करायला घेऊ नका. दुधी कधी कधी कडू निघतो, त्यातली कुकर्बिटासिन नावाची द्रव्यं विषारी असतात, आणि कडू पेयात तो कडूपणा तुम्हाला कळणारही नाही.

तिकडं हे एकच पात्र आणि एकच नळी घोळक्यात फिरते. एकजण पाणी ओतणारा, तो प्रत्येकाला भरून देतो, पिणारा रिकामं करून परत देतो. 'धन्यवाद' म्हटलं की मला पुरे, असा त्याचा अर्थ, म्हणून मध्येच आभार मानायचे नसतात. हे वाचलं तेव्हा मला गंगाराम कांबळे यांचं सत्यसुधारक हॉटेल आठवलं. अस्पृश्य ठरवलेल्या माणसानं याच शहरात चहाचं दुकान काढलं, कुणी फिरकेना, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला. कुणाच्या हातचं आपण पितो, याला कोल्हापुरात केवढं मोल आहे हे मी माझ्या धंद्यात कायम लक्षात ठेवतो. आरोग्याच्या दृष्टीनं मात्र घरात प्रत्येकाची नळी वेगळी असू द्या.

आता सासूबाई आणि दहावीची मुलगी. मातेत कॅफीन आहे, चहा-कॉफीतलंच, शिवाय चॉकलेटमध्ये असतं ते थिओब्रोमिनही आहे. 'औषधी पाला आहे, कॅफीन नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाळलेल्या पानात वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के धरा. मी सांगितलेल्या तीन ग्रॅमच्या मापात, तिन्ही पाणी मिळून, ते आपल्या एका-दीड कप कडक चहाइतकं होतं. पण पारंपरिक पात्रात एका वेळी पन्नास ग्रॅमपर्यंत पान भरतात आणि तासन्‌तास पाणी ओतत राहतात, तिथं हिशेब पार बदलतो. म्हणून सुरुवातीला पात्राच्या नादी लागू नका, ग्लासातच करा. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला एकूण चारशे मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली जाते, गरोदर बाईला दोनशेची. त्यात दिवसभराचा चहाही मोजायचा असतो.

सासूबाईंचा रक्तदाब गोळ्यांवर असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डॉक्टर हो म्हणाले तरी एखाद्या चहाच्या कपाच्या बदल्यात द्या, वाढीव नको. मुलीला परीक्षेच्या दिवसांत जागायला म्हणून तर अजिबात देऊ नका. संध्याकाळी घेतलेलं कॅफीन झोप पळवतं, आणि पाठांतर पक्कं व्हायला झोपच लागते. शनिवारी दुपारी गार मातेचा अर्धा ग्लास तिनं चवीसाठी घेतला तर माझी हरकत नाही. घरात कुणाला रक्त कमी असेल तर जेवणाच्या आगेमागे तासभर माते टाळा. चहासारखीच यातलीही द्रव्यं पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. वजन उतरवायला म्हणून कुणी विकत असेल, तर त्यासाठी एक रुपयाही घालवू नका.

आणखी एक गोष्ट, जी मी माझ्या वडिलांच्या वयाच्या गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1991 मध्ये गरम मातेला कर्करोगाच्या 'संभाव्य' कारणांत धरलं होतं. 2016 मध्ये त्यांनी पुन्हा तपासून सांगितलं, की बोट मातेवर ठेवता येत नाही, ते अति गरम पिण्यावर ठेवावं लागतं. पासष्ट अंशांच्या वर गरम असलेलं कुठलंही पेय, चहासुद्धा, अन्ननलिकेला घातक ठरू शकतं. नळीनं पिताना हे जास्त जपावं लागतं, कारण नळी कढत पाणी थेट घशाकडे नेते, ओठाला चटका कळायच्या आत. आपली जुनी माणसं चहा बशीत ओतून, फुंकर मारून प्यायची. ती सवय मोडायची काही गरज नव्हती. मातेही गाळून झाल्यावर पाच मिनिटं थांबून प्या.

शेवटी साठवण, कारण पाऊस तोंडावर आलाय. फळाचे वाळलेले तुकडे हवेतलं पाणी पितात. जुलैत कोल्हापूरच्या दमट हवेत उघडं पाकीट आठ दिवसांत मऊ पडतं, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि मग बुरशी येते. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर तेवढाच भाग काढून बाकीचं वापरायचं, असं करू नका, सगळं टाका. पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा, ओला चमचा घालू नका, आणि दोन महिन्यांत संपवा. अर्क त्यापुढं टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, प्रत्येक वेळी बाहेर काढलं की डब्यात दव धरतं.

डबा ठेवायचा कुठं, तेही सांगतो. मागं एकदा लिंबाच्या मातेचा नमुना मी घरी नेला आणि बायकोनं नुकत्याच कांडून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीशेजारी फळीवर ठेवला. दोन्हींची झाकणं लागलेली होती. चौथ्या दिवशी कप केला तर लिंबाच्या मागून लसूण. चहाच्या पत्तीसारखंच मातेचं पानही शेजारचा वास ओढून घेतं. तुमचं पाकीट आत्ता कुठल्या फळीवर आहे ते आज बघा. मसाल्याजवळ असेल तर हलवा, आणि हलवायच्या आधी दोन वाट्या उकळतं आणि एक वाटी साधं पाणी घेऊन तीन कप काढून बघा. तिसऱ्या कपाला काय लागलं ते मला कळवा. शाहूपुरीत येणं झालं तर चिमूटभर पान पुडीत बांधून आणा, दोघं मिळून चाखू.